पाच करवती आणि खालची खोली

मंगळवार, ४ मार्च. सकाळी १०.४०.
वेळ मुद्दाम लिहिते. उद्या कुणी 'असं काही झालंच नाही' म्हणायला नको. दाताच्या डॉक्टरकडून परत आले, खालच्या खोलीचं, म्हणजे माझ्या वर्कशॉपचं दार उघडलं, आणि टेबल सॉवर दोन उशा! शेजारी घडी घातलेली चादर. चौतीस वर्षं मुलींना गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईने स्वतःच्या हिमतीवर पाच इलेक्ट्रिक करवती जमवल्या, त्यातल्या सर्वांत मोठीचा या घरात पलंग झाला.
चिरंजीवांना जाब विचारला. ते म्हणाले, आई, ऑफिसला उशीर होतोय. सूनबाई म्हणाली, उशा स्वच्छ आहेत. मुद्दा उशांच्या स्वच्छतेचा नाही.
मेमो लिहून फ्रिजवर लावला. खुलासा लेखी, उद्या दुपारी बाराच्या आत.

बुधवार, ५ मार्च. दु. १२.०५.
खुलासा ११.५५ला आला. औषधांच्या चिठ्ठीच्या मागे. 'आई, मावशी पंधरा तारखेला हॉस्पिटलमधून सुटणार. गुडघ्याचं ऑपरेशन, जिना चढायचा नाही. खालची खोली तूच तिला दिलीस. फोन स्पीकरवर होता.'
तारीख नाही, मायना नाही, सही म्हणजे गांडूळ. लाल पेनने दुरुस्त करून परत दिला.
धाकटीला, म्हणजे माझ्या बहिणीला, मी 'ये गं, खालची खोली तुझीच' म्हणाले होते हे खरं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माणूस असं बोलतो. त्याचा शब्दशः अर्थ घ्यायचा नसतो.
तरीही दिलेला शब्द मी मोडत नाही. वर्कशॉप वरच्या बंद गॅलरीत हलवणार. दहा दिवस भरपूर आहेत.

शुक्रवार, ७ मार्च.
गॅलरी मोजली. नऊ फूट बाय पाच. पाच करवती मावणार नाहीत. दोन, फार तर अडीच. निवड कठोर आणि निःपक्षपाती व्हायला हवी. पेपर तपासताना तो कुणाच्या मुलीचा आहे हे मी कधी पाहिलं नाही.
१. जिगसॉ. हातात मावते. वळणं कापते. सरळ मात्र कापत नाही, पण तो स्वभाव आहे. ठेवायची.
२. सर्क्युलर सॉ. हातात धरून मोठा प्लायवूड कापायला. मी प्लायवूड वापरत नाही. पण उद्या वापरला तर? ठेवायची.
३. चॉप सॉ. वरून खाली येते, खटकन तुकडा पाडते. अचूकतेची मूर्ती. तिच्याशिवाय मी जगू शकत नाही. ठेवायची.
४. बँड सॉ. उंच आहे, गॅलरीच्या दारातून जाणार नाही. दार बदलता येईल. ठेवायची.
५. टेबल सॉ. वर्कशॉपचं काळीज. सहा फुटी फळी उभी चिरायची तर पात्याच्या अलीकडे सहा फूट आणि पलीकडे सहा फूट जागा लागते. गॅलरी नऊ फूट. गणित जमत नाही. पण काळीज काढून माणूस जगतो का?
एकूण ठेवायच्या : पाच.
सूनबाई चहा घेऊन आली. टेबल सॉ शेवटची कधी वापरली, असं विचारलं. मी म्हटलं, सतत. तिने टेबलावरच्या धुळीत बोटाने आजची तारीख लिहिली आणि गेली. अक्षर बरं आहे.
जाता जाता पुन्हा तेच : आई, दाराशेजारचं कॅलेंडर कमरेच्या उंचीवर का लावलंय? दोन वर्षांत तिसऱ्यांदा विचारलं. सांगितलं, वाकून तारीख बघितल्याने पाठ लवचिक राहते.
टेबल सॉबद्दल लोकांचे गैरसमज फार. आयुष्यात एकदाच माझ्याकडून लाकूड मागे उडालं, तेही मागून कुणीतरी बोललं म्हणून.

रविवार, ९ मार्च. सकाळी १०.
नवा संकल्प. धाकटीसाठी स्टूल करणार. डॉक्टरांनी सांगितलंय, बसायची जागा बरोबर पंचेचाळीस सेंटिमीटर उंच हवी, कमी नको, नाहीतर गुडघा जास्त वाकतो. बाजारात अशी अचूक वस्तू मिळत नाही. म्हणजे वर्कशॉप का हवं ते घराला आपोआप कळेल. एकदा स्टूल पाहिलं की धाकटी स्वतःच म्हणेल, ताई, मी हॉलमध्ये झोपते, तुझी मशिनं हलवू नकोस. ती समजूतदार आहे. लहानपणी दुमजली खाटेवरची वरची जागा नेहमी मलाच द्यायची.
बैठक अडीच सेंटिमीटर जाड, म्हणजे पाय ४२५ मिलिमीटर. चार पाय, १७०० मिलिमीटर. बरोबर १७००चीच पट्टी घेतली. लाकूड वाया घालवणं माझ्यात नाही. चारही खुणा एकदम केल्या. चॉप सॉवर तीन काप. खट, खट, खट. साडेनऊला काम फत्ते.

मंगळवार, ११ मार्च.
स्टूल तयार. पॉलिश सुरेख. डुगडुगतं.
खोलीतली फरशी वाकडी आहे. हॉलमध्ये नेलं. हॉलचीही वाकडी. स्वयंपाकघर, व्हरांडा, वरची गॅलरी : सगळं घर वाकडं. बांधणाऱ्याला तेव्हाच लेखी कळवायला हवं होतं.
चिरंजीव त्यावर बसले आणि पेपर वाचताना होडीत बसल्यासारखे हलत राहिले. म्हणाले, आई, मावशीचा नवा गुडघा आहे गं, जुना नाही. वात्रट.
दोष चॉप सॉचा असणार. तिला यादीतून काढली. दुपारी परत घातली. दुकानदाराला पत्राचा मसुदा केला : सदोष यंत्र, आठ दिवसांत उत्तर द्यावे.
साक्षीदार असावा म्हणून मिस्त्रींना बोलावलंय. त्यांच्याकडूनच मी काम शिकले. ते बोलतात कमी. शिक्षक म्हणून हा दोषच.

बुधवार, १२ मार्च. दु. ४.
मिस्त्री आले. स्टूल उलटं करून पाय मोजले. एक ४२५, तीन ४२२. मी म्हटलं, बघा, मशीन चुकतं. ते म्हणाले, बाई, मशीन बरोबर आहे, पात्याचं खाणं धरलंत का?
पातं तीन मिलिमीटर जाड. कापताना तेवढं लाकूड तेच खातं, भुसा करून. म्हणून सुतार एक तुकडा कापतो आणि मग पुढची खूण करतो. मी चारही खुणा आधीच केल्या. पहिला पाय पूर्ण, पुढच्या तिघांच्या वाट्याचं पात्याने खाल्लं.
हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वहीत आहे. माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा.
चौतीस वर्षं गणित. दुकानदाराचं पत्र फाडलं. सुदैवाने पोस्टात टाकलं नव्हतं. (टाकलं होतं. दुसरं पाठवून माफी मागितली.)
मग मिस्त्री टेबल सॉकडे वळले. पात्यामागची पोलादी पट्टी कुठे गेली, असं विचारलं. फळी चिमटून मागे उडू नये म्हणून ती असते. मी म्हटलं, ड्रॉवरमध्ये. कामात मध्ये येत होती.  त्यांनी पात्यापासून दाराकडे नजर नेली, सरळ रेषेत, आणि जाऊन कॅलेंडर खाली उतरवलं.
भिंतीतल्या भोकात त्यांचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.
इथे कोण उभं होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही. ते म्हणाले, नशीब, बाई. चहाला थांबले नाहीत. एरवी दोन कप घेतात.

शुक्रवार, १४ मार्च. दु. ४.२०.
धाकटीचा फोन. पुन्हा स्पीकरवर, या घरात खासगी काही नाही. तिने विचारलं, ताई, मशिनं हलली का? मी म्हटलं, बघतेय, निवड चालू आहे, घाईत निर्णय चुकतात.  ती म्हणाली, अगं, राहू दे. ऑपरेशननंतर राहायचं एक केंद्र आहे, नर्स असते, जेवण असतं, तिकडे सांगून ठेवलंय. तुझी खोली कशाला अडकवू? आणि हसून पुढे म्हणाली, तसंही त्या खोलीत दाराकडे पाठ करून मला झोप लागली नसती.
मी म्हटलं, बरं. जशी तुझी इच्छा.
फोन ठेवल्यावर सूनबाईने विचारलं, दाराकडे पाठ म्हणजे काय? मी म्हटलं, तिला वाऱ्याची सवय नाही.
म्हणजे पाचही करवती राहिल्या. मी जिंकले. जेवले नाही, दात दुखतोय.

शनिवार, १५ मार्च. सकाळी ११.
धाकटीला आज सोडणार. चिरंजीव आणि सूनबाई तिला केंद्रात पोचवायला गेले. मी गेले नाही. कारणे : १. दात. २. गाडीत चौघांना पाय लांब करता येत नाहीत. ३.
तिसरं सुचलं नाही.
घर रिकामं. खाली जाऊन बसले, त्या स्टुलावरच. कॅलेंडर अजून जमिनीवर आहे.
मी शिकले त्या कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर 'पेला फुटला' असं म्हणू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, कुणी फोडला ते सांग, आणि माझ्याकडे बघून सांग. तो नियम मी पुढे चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींना लावला.
तर सांगते. दोन वर्षांपूर्वी धाकटी आठ दिवस राहायला आली होती. मी दाराकडे पाठ करून फळी चिरत होते. पट्टी मी काढून ठेवली होती. धाकटी दोन कप घेऊन दारात येऊन उभी राहिली. फळी चिमटली आणि मागे उडाली, माझ्या कमरेला चाटून तिच्या कोपराजवळून भिंतीत गेली. कप फुटले. मी तिला ओरडले. मशीन चालू असताना मागून हाक मारतेस, अक्कल आहे का, साठी आली तुझी. चिरंजीव धावत आले, त्यांच्यासमोर पुन्हा तेच. ती खाली बसून कपाचे तुकडे वेचत होती. म्हणाली, चुकलं गं ताई. सकाळच्या बसने गेली. त्यानंतर राहायला आली नाही.
तिने हाक मारली नव्हती. एक शब्दही बोलली नव्हती. चहा सांडू नये म्हणून मशीन थांबायची वाट बघत होती.
हे मला त्याच क्षणी माहीत होतं. टेबल सॉ मी त्या दिवसापासून चालू केलेली नाही. तिची भीती वाटते. काळीज वगैरे नाही. ती विकली असती तर लोकांनी कारण विचारलं असतं.

सोमवार, १७ मार्च.
चिरंजीवांना सांगितलं, तेव्हा मावशी बोलली नव्हती. ते म्हणाले, माहीत आहे. म्हटलं, कसं? म्हणाले, आई, मी जिन्यात होतो, मशीनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. मग हाक तुला तरी ऐकू आली असती का?
दोन वर्षं या मुलाने मला सांगितलं नाही. ओरडणार होते. ओरडले नाही. सूनबाईने दुसरा चहा ठेवला.

बुधवार, १९ मार्च. संध्या. ६.
मिस्त्री टेम्पो घेऊन आले. टेबल सॉ त्यांच्या कारखान्यात गेली. ड्रॉवरमधली पट्टी मी स्वतः त्यांच्या हातात दिली, आणि बसवल्याशिवाय बटण दाबायचं नाही असं बजावलं. ते म्हणाले, हो बाई. हसले नाहीत, भला माणूस.
बँड सॉ शाळेच्या वर्कशॉपला. सर्क्युलर सॉ सूनबाईच्या भावाला, तो प्लायवूडवाला आहे. चॉप सॉही दिली. बिचारीचा दोष नव्हता, पण तिच्याकडे बघवत नाही. गॅलरीत आता जिगसॉ, कानस आणि एक हातकरवत. भरपूर जागा. सहा बाय पाचही पुरली असती.
भिंतीतलं भोक मी बुजवलं. रंग जुळत नाही. जुळवणार नाही.
लांब पाय कानशीने तीन मिलिमीटर घासला. एकदा घासायचं, एकदा मोजायचं. आता चारही ४२२. उंची तीन मिलिमीटर कमी झाली, म्हणून पायांना तीन मिलिमीटर जाड रबर लावलं. बरोबर पंचेचाळीस, मिस्त्रींनी मोजून खात्री केली. चिरंजीवांनी बसून पेपर वाचला. हलले नाहीत.

गुरुवार, २० मार्च. सकाळी १०.४०.
सकाळपासून सहा मसुदे फाडले. पहिल्या पाचांत 'परिस्थिती' हा शब्द होता. सहाव्यात दाताचा उल्लेख. सातवा पाठवला. सूनबाई केंद्रात हातोहात देईल. प्रत इथे :

'चि. धाकटीस,
त्या दिवशी तू हाक मारली नव्हतीस. पट्टी मी काढली होती, फळी मी उडवली, आणि तुला चिरंजीवांसमोर ओरडले तीही मीच. हे घरात सांगितलं आहे. खोली रिकामी आहे. पलंगाचं डोकं खिडकीकडे आहे, म्हणजे झोपून दार समोर दिसेल. स्टूल पंचेचाळीस सेंटिमीटर आहे, मिस्त्रींनी मोजलं आहे.
तू येणार की नाही ते लेखी कळव. मंगळवार, २५ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत. फोन करू नकोस, फोनवर मी भांडते. कारणं द्यायची गरज नाही. 'येते' एवढं पुरे. 'येत नाही' असलं, तर तेही लिही, पण स्वतःच्या हाताने.
पाचनंतर आलेलं उत्तरही घेतलं जाईल.
तुझी ताई'