दारामागे उजव्या हाताला

ता. ४ जुलै

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

कुलूपवाल्यांच्या मंडळाने तुझ्या परवान्याचं नूतनीकरण नाकारलं, हे मला तुझ्याकडून नव्हे, दूधवाल्याकडून कळलं. कारण म्हणे ‘कुलूपवाल्यास न शोभणारे वर्तन’. कुलूपवाल्याला काय शोभतं, हे माझ्या संस्कृत ग्रंथांत तरी आढळत नाही. लहानपणी तू आईचं खाऊचं कपाट केसांच्या आकड्याने उघडायचास. माझा वाटा वेळेवर पोचत असल्याने मला ते वर्तन शोभूनच दिसे.

खरं काय झालं ते लिही. फेरविचाराच्या सुनावणीला मी येते. सांगेन, की माझ्या दाराला त्याचंच कुलूप आहे आणि मी निर्धास्त झोपते.

लोभ आहेच, तो जप.
ताई

ता. ९ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तक्रार केल्याचा माझा संशय समोरच्या हार्डवेअरवाल्यावर आहे. हल्ली तो फार गोड हसतो.

झालं असं. शिंपीणबाई परगावी होत्या. त्यांचा भाचा आला, किल्ली हरवली म्हणाला. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. दार उघडण्याआधी मी विचारतो, आत शिरल्यावर उजव्या हाताला काय आहे? परक्याला ते सांगता येत नाही. त्याने तडकलेला आरसा सांगितला, खालची मोडक्या दांड्याची छत्रीही सांगितली. मी दार उघडून दिलं. त्याने बाईंचे दागिने उचलले आणि पसार झाला. चोर घरचाच असला तर माझा प्रश्न काय कामाचा, हे सुचलंच नाही. मंडळ म्हणतं, मी त्याला सामील होतो.

परवान्याशिवाय एका कुलपाला हात लावता येत नाही. तू ये. तुझ्या शब्दाला वजन आहे.

ममता असू द्यावी, गंज चढू देऊ नये.
धाकटा

ता. १४ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद.

साक्ष ऋचा म्हणाव्यात तशी सुरात पाठ केली. तुझे भावजी म्हणाले, न्याय मागतेस की पाऊस?

सहज विचारते, हा भाचा आधी कधी दुकानात आला होता का? मंडळ विचारेल म्हणून. आणि आमच्या दाराची तिसरी किल्ली अजून तुझ्याकडेच ना? तेही सहजच. ‘सहज’ दोनदा आलं. वर्गात मी मार्क कापले असते.

प्रकृतीला जप, राग मानू नकोस.
ताई

ता. १९ जुलै

ती. ताईस, सा. न.

भाचा आधी कधीच आला नव्हता.

काल मंडळाचे कागद द्यायला तुझ्याकडे आलो होतो. तू शाळेत होतीस. दाराला माझं कुलूप नव्हतं. नवीन होतं, उंबऱ्यावरचा भुसाही झाडायचा राहिला होता. वरचा स्क्रू तिरका बसलाय, दार फुगलं की अडकेल. करून घ्यायचंच होतं तर बरा माणूस तरी बघायचास.

मनात आणलं असतं तर हसत हसत उघडलं असतं. कागद फटीतून सारले आणि निघालो. तिसरी किल्ली सोबत पाठवतोय, ती आता कुठेच लागत नाही. सुनावणीला येऊ नकोस. कुलपाबद्दल खोटं बोलावं लागेल, आणि ते तुला जमत नाही.

तुझ्या दारामागे उजव्या हाताला मी ठोकलेली खुंटी आहे. अजून असली तर.

लोभ वाढावा असं कोणत्या तोंडाने लिहू? आहे तेवढा पुरे.
धाकटा

ता. २३ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद, घेतलेस तर.

खुंटी आहे. तिच्यावर माझीच छत्री आहे.

कुलूप भावजींनी बदललं, असं लिहून पाहिलं आणि कागद फाडला. बदलायला मीच सांगितलं. शिंपीणबाईंचा भाचाही घरचाच होता, एवढंच डोक्यात घोळत राहिलं. अजून ते पुरतं गेलेलं नाही. गेलंय असं लिहिलं तर तू ओळखशील.

ते कुलूप आज उखडून टाकलं. दाराला भोक पडलंय. शेजारीणबाईंची डोकावायची मोठीच सोय झाली. तुझं जुनं कुलूप टेबलावर आहे. परवान्याशिवाय तुला ते बसवता येणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी बसवू देणार नाही.

सुनावणीला येणारच. विचारलं तर सांगेन, की माझ्या दाराला सध्या कुलूपच नाही. ज्याने बसवायचं त्याचा परवाना तुमच्यापाशी अडलाय.

किल्ली परत पाठवतेय. ती तुझ्याकडेच राहू दे.
ताई