गट नंबरातली तिरकी रेघ

मंगळवार, संध्याकाळ. वडगाव निंबाळकर.

सापडलं! तीन दिवस डोकं खात होतं, ते आज सापडलं.

आमच्या साइटवर शेतकरी गट नंबर टाकून माती तपासणीचा अहवाल बघतात. काहींचा उघडतो, काहींना 'पान सापडत नाही'. पुण्याच्या ऑफिसातले सर म्हणाले, लोक नंबरच चुकीचा टाकत असतील. असला राग आला होता! पण पुरावा कुठं होता माझ्याकडं?

दुपारी कळंबहून तात्यांचा, आईच्या थोरल्या भावाचा, फोन. तणतणतच होते. "माझा न्हाय उघडत, धाकट्या भावाचा बी न्हाय. बांधाशेजारच्या आबांचा बरा उघडतोय!"

नंबर विचारले. आबांचा ११३. तात्यांचा ११२/२.

ती तिरकी रेघ! भावाभावांत वाटणी झाली की गटाला रेघ पडते. आणि लिंकमध्ये तीच रेघ पत्त्याचे दोन तुकडे करते. सर्व्हर ११२ वाचतो, पुढचा २ म्हणजे वेगळंच पान समजतो. म्हणजे वाटण्या झालेलेच नेमके अडकले होते. आमच्या सातबाऱ्यावरही तीच रेघ आहे, मग मला कशी दिसली नाही?

नंबर पत्त्यातून काढला, लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन त्यानंतर ठेवला आणि तिथून वाचला. तिथं रेघ कुणाला तोडत नाही. दहा मिनिटांचं काम!

सरांना कळवलं, लोकांचे नंबर बरोबर होते, वाचायला आपण चुकलो. 'ओके' आलं. तेवढंच. चालेल.

तात्यांचा मात्र परत फोन. दोन्ही अहवाल उघडले होते.

"म्हंजी आमची वाटणी तुझ्या मशीननं आज मान्य केली म्हण की!"