चाकं दोन ओढणार की चार

मु. पो. बारवी धरणाजवळचा आमचा पाडा,
सोमवार

तीर्थस्वरूप श्यामकांतदादास धाकट्या विठाचा नमस्कार.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुला आता स्वच्छ दिसत असेल, म्हणून अक्षर बारीक काढलंय. वहिनीची सर्दी गेली का? तुमच्या शहरातल्या कॅम्प एकची धूळ सोसत नसेल तर आठ दिवस इकडे पाठव. फोन केला असता, पण मी बोलायला लागले की हे शेजारी बसून दुरुस्त्या सुचवतात.

तर ट्रॅक्टर घ्यायचा ठरला आणि घरातलं बोलणं बंद झालं. ह्यांना टू-व्हील हवा, सुजितला फोर-व्हील. (चाकं दोन्हींना चारच असतात. टू-व्हीलची मागची दोनच ओढतात, पुढची नुसती सोबत येतात, लग्नातल्या काकांसारखी.) ह्यांचं म्हणणं, टू-व्हील हलका, डिझेल कमी खातो, छोट्या खाचरात पटकन वळतो. सुजित म्हणे, चिखलणीला मागची चाकं जागच्या जागी फिरतील, मग काय करणार? बाप-लेक महिनाभर माझ्यामार्फत भांडले. "त्याला सांग", "त्यांना सांग." जेवताना मी पोस्टमन.

शेवटी मीच बदलापूरच्या शोरूमला फोन लावला. जिज्ञासा नावाची मुलगी ड्रायव्हरसोबत दोन्ही ट्रॅक्टर घेऊन आली. हे तडक टू-व्हीलवर चढले आणि मुद्दाम झऱ्याच्या खाचरात घातला. (तिथे आमचे रेडेसुद्धा विचार करून पाय टाकायचे.) मधोमध गेला आणि बसला. चाकं फिरतायत, चिखल उडतोय, ट्रॅक्टर आणखी खाली. हे वरून ओरडले, "अडकलो नाही, थांबलोय!"

सुजितने फोर-व्हीलला साखळी बांधून बापाला ओढून काढलं. इथपर्यंत छान झालं. पण आनंदात त्याचा ब्रेकवर पाय पडेना आणि आमचा बांध फोडूनच तो थांबला. सगळं पाणी खालच्या शेजाऱ्याच्या खाचरात. (त्याने तक्रार केली नाही, आणखी थोडं येऊ द्या म्हणाला.)

मग जिज्ञासाने शांतपणे विचारलं, "काका, रोज चालवणार कोण?"

दादा, हे सुजितकडे बघायला लागले, सुजित ह्यांच्याकडे. ह्यांच्या गुडघ्याला रोज क्लच झेपणार नाही, सुजितची अंबरनाथला कंपनीत शिफ्ट. मी चहा घेऊन उभी होते. कप बांधावर ठेवले, पदर खोचला आणि म्हटलं, "मी बसून बघू?"

हे म्हणाले, "तू?" पण ड्रायव्हर शिकवायला लागला होता. फोर-व्हीलने दोन फेऱ्या मारल्या. त्या खाचरात जन्मभर वाकून लावणी केली, पण वरून बघितलं तेव्हा केवढंसं वाटलं रे! खाली उतरवेना.

आता छोटा फोर-व्हील ठरलाय. छोटा ह्यांनी ठरवला म्हणे, फोर-व्हील सुजितने. दोघं आता एकमेकांशी बोलतात, चक्क.

सगळ्यांना आशीर्वाद आणि तुला नमस्कार.

तुझी,
विठा

ता. क. तुझ्या गल्लीत मोटार ड्रायव्हिंगचा क्लास आहे ना? माझं नाव घाल. ट्रॅक्टरला पक्कं लायसन हवं. घरी सांगेन, दादाचे डोळे बघायला जाते.

ता. ता. क. वहिनीला इकडे पाठवू नकोस. तिचंही नाव घाल. एकटीला लाज वाटते.