खाली शिंगवाला, वर पेंग्विन

बाई, तुमच्या माघारी तुमचं मशीन बंद करायचं काम शेवटी माझ्याकडेच आलं. तुमच्या मुलीचा फोन आला, "दादा, अम्मीचा डबा आता काढायलाच हवा. त्याची अपडेटं कायमची थांबलीत आणि कॉम्प्युटरचा अख्खा वर्ग त्याच्यातूनच नेटवर जातो. उद्या कुणी आत शिरला तर?" तिचं बरोबर आहे. ज्या मोजक्या लोकांनी त्यातली दोन सिस्टिमींची जोडणी हौसेने सांभाळली होती, त्यांनी हात टेकले. जगाला दोन्ही सिस्टिमी वेगवेगळ्या हव्यात, त्यांचं लग्न मात्र कुणाला नको. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. नवीन मशीन काखोटीला मारून मी रेवसला आलो आणि तुमच्या पडवीत, स्वयंपाकघराच्या दाराशी, तुमच्याच खुर्चीत बसलो. ती अजून डावीकडे कलते.

तो दिवस मला दिसतो. तुम्ही डब्याचं झाकण उघडून बसला आहात, आत भाकरी तव्यावर आहे. आम्ही सगळे तुमच्याच हाताखाली पेंग्विनवाल्या लिनक्सवर शिकलेले. तुम्हाला मात्र दुसऱ्याच एका फुकट सिस्टिमचा कर्नल आवडला आहे. कर्नल म्हणजे डिस्क, मेमरी, नेटवर्क यांना कामाला जुंपणारा आतला मुकादम. आपल्याकडे वीज लहर लागेल तशी जायची, आणि वीज गेली तरी फायली शाबूत ठेवण्यात तो मुकादम तुमच्या मते जास्त इमानी होता. पण वरची हत्यारं, म्हणजे आम्ही रोज वापरायचो त्या कमांडी, लिनक्सवाल्यांच्याच ठेवायच्या. "पोरांच्या हाताला लागलेलं वळण मोडायचं न्हाय," तुम्ही म्हणता. "जोतं बदला, भांडी होती तिथंच राहू देत." त्या दुसऱ्या सिस्टिमचं चिन्ह म्हणजे शिंगं, शेपटी आणि हातात त्रिशूळासारखा काटा घेतलेलं लाल पिल्लू. तुमच्या सासूबाई दारातून ते बघतात आणि विचारतात, "अगो, ह्यो शैतान घरात कशाला?" तुम्ही म्हणता, "अम्मा, वीज गेली तरी ह्यो सांगितलेलं विसरत न्हाय. घरात असा दुसरा कोण हाय?" सासूबाई भाकरी उलटायला परत जातात.

मी तेव्हाही जिभेचा तिखट. म्हटलं, "बाई, ही आवळ्याभोपळ्याची मोट. पहिल्याच वळणावर सुटणार." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सुटेल. बांधणाऱ्याला गाठ मारता येत नसेल तर." गाठ म्हणजे मधली लायब्ररी. वरच्या प्रोग्रामला फाइल हवी असली की तो तिला सांगतो, ती खालच्या कर्नलला त्याच्या भाषेत सांगते आणि उत्तर उलटं करून वर आणते. वरच्याला शेवटपर्यंत वाटत राहतं, आपण माहेरीच आहोत. तुमचा दंडक एकच होता: मधल्याशी बोला, खालच्याच्या दारात परभारे जायचं नाही. दलाल, पुढाऱ्यांचे पीए, लग्न जुळवणारे मामा यांची टिंगल लिहून मी पोट भरलं. मधला माणूस म्हणजे खाणारा माणूस, हा माझा धंद्याचा सिद्धान्त. तो तुमच्यापाशी येऊन अडायचा. मोहल्ल्यातल्या मुली आणि आतल्या भातगावांतली पोरं तुम्ही एका बाकावर बसवलीत, आणि दोन्हीकडच्या आईबापांना वाटत राहिलं की वर्ग आपल्याच रीतीने चाललाय.

मग ती घंटा. खाडीपलीकडच्या करंजाहून दोन मुली यायच्या. ओहोटीला धक्क्याशी गाळ उघडा पडतो, म्हणून शेवटची होडी पाण्याच्या वेळेप्रमाणे सरकते. तुम्ही मशीनला चांदाची तारीख शिकवलीत. तारखेवरून भरती, भरतीवरून होडी, आणि होडीच्या आधी डब्यातून एक चिमुकली धून. पहिल्याच महिन्यात मुलींची होडी चुकली. तुमच्या यजमानांनी आखातातून फोनवर चांद दिसल्याचं कळवलं होतं आणि तुम्ही मशीनला तीच तारीख दिली होती. तिथला चांद आपल्यापेक्षा एक दिवस आधी. मुली तुमच्याकडे जेवल्या, राहिल्या. दुसऱ्या दिवशी होडीवाला पडवीत येऊन म्हणाला, "बाई, दुबईच्या चांदावर रेवसचं पानी चढत न्हाय." तुम्ही म्हणालात, "खरं हाय. पण सकाळी दोघींना उतरवलंस, संध्याकाळी दोघी कमी होत्या. ते बघायला चांद लागतो व्हय?" पुढे होडी कधी दोघींशिवाय सुटली नाही. तरी घंटा तुम्ही दुरुस्त केलीतच.

काल मी एकेक करून सगळं नव्या, साध्या लिनक्सवर नेलं. हजेरी, टायपिंगचे धडे, परीक्षेचे पेपर. खालचा मुकादम बदलला आणि वर कुणाला पत्ता लागला नाही. तुमच्या प्रोग्रामांतली एकही ओळ मला बदलावी लागली नाही. इतकं नेटकं काम मी आयुष्यात दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही, आणि हे वाक्य लिहिताना मला टोमणा सुचत नाहीये, याची नोंद घ्यावी. फक्त घंटा वाजेना. शिंगवाल्या कर्नलमध्ये मशीनच्या पिटुकल्या स्पीकरचं एक खास दार आहे. त्यात सुरांची अक्षरं टाकली की तो गातो. पेंग्विनकडे ते दारच नाही. म्हणजे दंडक घालणाऱ्या बाई स्वतः एकदाच, या एकाच कामासाठी, मधल्याला बाजूला सारून थेट खालच्याकडे गेल्या होत्या. कारण विचारायला तुम्ही नाही. मी धरून चाललोय की पोरींच्या होडीच्या बाबतीत तुम्हाला मध्ये कुणी नको होतं.

"मग डबा भंगारात?" तुमच्या मुलीने विचारलं. मी म्हटलं, "नको. नेटची वायर काढ आणि घंटेपुरता राहू दे. टेक्निकल अडचण आहे." "कसली?" "सांगून कळायची नाही." तिने माझ्याकडे अगदी तुमच्यासारखं पाहिलं. तेवढ्यात जुन्या डब्यातून धून वाजली आणि खाडीपलीकडची आताची पोरं दप्तरं उचलून धक्क्याकडे पळाली.

बाई, नवं मशीन वाटेल ती घंटा वाजवू शकतं. चहा निवायच्या आत होणारं काम आहे ते. हे पत्र तुमच्या पत्त्यावर टाकलं तर तुमची मुलगीच उघडेल, आणि अडचण कसली होती ते तिला कळेल. म्हणून टाकत नाही.