अंड्यांशी बोललेलं सगळं

रविवार, १७ नोव्हेंबर

आलो एकदाचे नाशकात! सटाण्याहून साडेसहाला टेम्पो निघाला, मखमलाबादला पोचायला अकरा वाजले. गोदा अख्खा रस्ताभर ड्रायव्हरशेजारी बसून बोलत होती. उतरताना तो म्हणाला, ताई, आज गाणी लावायची गरजच पडली नाही.

घर मनासारखं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, समोर झेंडू आणि शेवंतीचे वाफे. घरमालक भागुबाई आणि पुंजाराम अंगणापलीकडे राहतात. पहाटे फुलं तोडून बाजारात नेतात. सामान उतरायच्या आत भागुबाईंनी भाकरी आणि वांग्याचं भरीत आणून ठेवलं. गोदाचा बाबा ललित कर्नाटकात बोअरवेलच्या गाडीवर आहे, डिसेंबरअखेरीस येईल. तोवर आम्ही दोघीच मायलेकी. उद्यापासून पंचवटीतल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मी रुजू होतेय.

गोदा सहा वर्षांची. त्यातली दोन वर्षं माझ्या आईकडे वाढली, म्हणून अर्धी अहिराणी बोलते. भागुबाईंच्या प्रत्येक कोंबडीसमोर वाकून तिने विचारलं, "बरं शे ना?" भागुबाई पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या.

बुधवार, २० नोव्हेंबर

माळ्यावर थर्माकोलचं एक खोकं सापडलं. आत बल्ब, छोटा पंखा, तापमानाचा काटा, झाकणाला काच. अंडी उबवायचं यंत्र! पुंजाराम म्हणाले की आधीच्या भाडेकरीण बाई सोडून गेल्या, चालू हाय का बघा. लावलं तर चालू झालं. गोदा नाचलीच. शाळेतून आली की ती भागुबाईंकडे थांबते, मी येईपर्यंत कंटाळते. तिला काहीतरी हवंच होतं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

भागुबाईंनी डझनभर गावठी अंडी दिली. मी प्रत्येकावर पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला, म्हणजे फिरवलेलं कळतं. दिवसातून तीनदा फिरवायची, अठराव्या दिवशी थांबायचं, एकविसाव्या दिवशी पिल्लं. तापमान साडेसदतीस. कोपऱ्यात पाण्याची वाटी. लॅबमध्ये नोंदी करून करून हात असा झालाय की घरीही तक्ता केला आणि भिंतीला चिकटवला.

गोदाने काचेला नाक लावून बाराही अंड्यांची चौकशी केली. मग त्यांना आजीच्या घरातलं सगळं सांगितलं. म्हैस, ओटा, शेजारचं भांडण. एक तास!

बुधवार, २७ नोव्हेंबर

घरी आले की डोकं उठलेलं असतं आणि हिची बडबड सुरू. आज म्हटलं, "जा गं, अंड्यांशी बोल, मला पोळ्या करू दे." गेली. पोळ्या झाल्या, भाजी झाली, तरी आतून बोलणं चालूच. किती दिवसांनी शांतपणे स्वयंपाक केला.

शनिवार, ३० नोव्हेंबर

सातवा दिवस. दार-खिडक्या लावून मोबाइलच्या बॅटरीवर एकेक अंडं धरलं. आत लाल शिरांचं जाळं, मध्ये काळा ठिपका. बाराच्या बारा भरलेली! भागुबाई म्हणाल्या, असं कधी होत नाय, दोन-तीन तरी वाया जातातच.

आणखी एक गंमत. गोदा बोलली की ठिपका हलायचा. गप्प बसली की थांबायचा. आम्ही दोघींनी चार-पाचदा करून बघितलं आणि टाळ्या वाजवल्या.

जेवताना ती म्हणाली, "ते दे ना." काय, विचारलं तर म्हणे, ते, ज्याने वरण वाढतात. डाव, म्हटलं मी. ती माझ्याकडे बघत राहिली, जणू हा शब्द कधी ऐकलाच नव्हता.

मंगळवार, ३ डिसेंबर

शाळेतल्या बाईंनी वहीत लिहून पाठवलंय की गोदा हल्ली उत्तरं देत नाही. चित्रातल्या मांजराला काय म्हणतात, ते आठवेना म्हणून रडली.

संध्याकाळी आईचा फोन आला. एरवी गोदा फोन सोडत नाही. आज "हो", "नाही", एवढंच. आईने विचारलं, "पोर आजारी शे का?" मी म्हटलं, नाही गं, नवीन जागा आहे.

तिला अंड्यांपाशी मात्र कंटाळा नाही. तिथे ओठ हलत असतात.

गुरुवार, ५ डिसेंबर

मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं. कान ठीक, घसा ठीक, डोक्यालाही काही लागलेलं नाही. जागा बदलली की मुलं अशी गप्प होतात, महिनाभर थांबा, म्हणाले. मला बरं वाटलं. घरी येऊन गोदाला विचारलं, बाबाचं नाव काय? तिने बराच विचार केला. मग माझा हात धरून मला खोक्यापाशी नेलं आणि बोटाने एक अंडं दाखवलं.

शनिवार, ७ डिसेंबर

चौदावा दिवस. शांतपणे लिहिते, म्हणजे मलाच नीट कळेल.

दुपारचे बारा. सुट्टी. गोदा अंगणात बसलेली, मला दारातून दिसत होती. मी अंडी फिरवायला झाकण उचललं. पिल्लं आतून ओरडतात ती एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी, त्याआधी नाही, हे मला माहीत आहे. आतून आवाज आला. बारीक, घोगरा.

"बरं शे ना?"

झाकण हातातून पडलं. अंगणात गोदाने मान वळवली, पण तोंड मिटलेलं होतं. मग दुसऱ्या अंड्यातून आलं, "डाव." तिसऱ्यातून, "ललित. ललित."

रविवार, ८ डिसेंबर

खोकं उचलून बाहेर फेकायला निघाले तर गोदा पायाला लोंबकळली. तोंड उघडं, आवाज नाही. तिचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. खोकं परत ठेवलं.

भागुबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. पुंजाराम मान खाली घालून म्हणाले, "त्या बाईने जाळा म्हणून सांगितलं होतं. चांगली वस्तू कोण जाळतं, ताई?" त्या बाईचं नाव प्रतिभा. त्र्यंबक रस्त्याला राहते. पत्ता घेतला.

सोमवार, ९ डिसेंबर

लॅबला सुट्टी टाकली, गोदाला भागुबाईंकडे सोडलं आणि गेले.

प्रतिभाताईंनी दार अर्धंच उघडलं. खोक्याचं नाव काढताच त्यांनी चौकट धरली. आत घेतलं. त्यांचा मुलगा राज, दहा वर्षांचा असेल, सतरंजीवर बसलेला. माझ्याकडे बघून छान हसला, बोलला नाही. आतल्या खोलीत कोणीतरी पाढा म्हणत होतं. बे एके बे, बे दुणे चार. मला वाटलं, धाकटं भावंड.

त्यांनी आतलं दार लोटलं. खिडकीखाली घडी केलेल्या गोधडीवर राखाडी रंगाची एक कोंबडी बसली होती. चोच उघडत होती. बे त्रिक सहा. बे चोक आठ. बे पंचे दहा. थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून. माझ्यामागे येऊन उभा राहिलेला राज तिच्याबरोबर पुटपुटत होता.

त्यांची नऊ अंडी होती. बोलणं ऐकू आलं तेव्हा घाबरून आठ त्यांनी ओढ्यात फेकली. नववं पलंगाखाली घरंगळलं होतं, ते नंतर सापडलं आणि फुटलं.

"जे फेकलं ते गेलं," त्या म्हणाल्या. "त्यात त्याचं स्वतःचं नाव होतं. आता हिला जेवढं येतं तेवढंच तो हिच्याकडून परत शिकलाय. रोज समोर बसवते."

मी निघताना त्यांनी मनगट पकडलं. "एकही फोडू नका. एकही गार पडू देऊ नका. जेवढी जगतील तेवढी तुमची पोर."

मंगळवार, १० डिसेंबर

गोदाकडे आता एकही शब्द नाही. भूक लागली की पोटावर हात ठेवते. खोक्यात दिवसभर तिचीच बडबड चालू असते. म्हैस, ओटा, बाबा, शाळा, गाणी. बारा ठिकाणी वाटलेली माझी पोर. ललितला फोनवर सांगितलं. तो आधी चिडला, मग मी फोन खोक्याजवळ धरला. येतो म्हणाला. चार-पाच दिवस लागतील, गाडी रानात आहे.

बुधवार, ११ डिसेंबर

अठरावा दिवस. सकाळी अकराला वीज गेली. डीपी जळाली, उद्या संध्याकाळपर्यंत येणार नाही म्हणतात. बाहेर अकरा अंश. सगळी अंडी गोधडीत घेऊन पोटाशी धरून बसलेय. भागुबाई गरम पाण्याच्या बाटल्या बदलतायत. घमेल्यात निखारे.

दीड वाजता अंडी गप्प झाली. एकेक करत. मी हलवून बघितलं, कानाला लावलं. काही नाही. गोदा समोर बसून बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे बोला ना रे, काहीतरी बोला."

एक हललं. मग दुसरं. मी बोलत राहिले, सटाण्याचं, बाजार समितीतल्या ढिगांवर आम्ही खेळायचो ते. बाराही जागी झाली.

थांबले की गार. बोलले की गरम.

आता लिहिताना अडलेय. बाजार समितीत ज्याचे ढीग असायचे ते. लाल, चिरताना डोळ्यांत पाणी येतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तेच पिकवतो. नाव आठवत नाही.

कळलं मला. कळूनच बोलतेय.

गुरुवार, १२ डिसेंबर

सकाळपासून बोलतेय. घसा बसला. भागुबाई म्हणाल्या, मी बोलते. नाही म्हटलं. त्यांचे शब्द त्यांच्याजवळ राहू दे.

लग्नाचं सांगितलं. कॉलेजचं. गोदाच्या जन्माचं. सांगून झालं की तिथे नुसती पांढरी जागा. फोटोतला माणूस ओळखते, नाव — खाली लिहिलंय म्हणून कळलं. ललित.

संध्याकाळी दिवा आला. परत खोक्यात ठेवली. काटा साडेसदतीस. पण आता ऊब पुरत नाही त्यांना. बोलणं थांबलं की थांबतात.

शुक्रवार, १३

पहिल्याला टोच पडली. कवचाला बारीक चीर.

आता थोडं थोडं देते. एक शब्द, मग वाट बघायची. फुलं — पिवळी, समोरची — गेली. ज्यात पाणी पितात ते गेलं. बसायचं लाकडी ते. भिंतीवरचा तक्ता वाचता येतो, पण आकडे कशाचे ते —

मोठी बाई भाकरी भरवते. चांगली आहे. अंगणापलीकडची.

शनिवार

आलं. ओलं, काळं, डोळे मिटलेले. चोच उघडली आणि म्हणालं, बरं शे ना?

मुलगी वाकली. ओठ हलले. खूप वेळ. मग आवाज आला, तिचा, तिचाच. बरं शे ना?

रडले मी. तिने माझे गाल पुसले.

मग दुसरं, तिसरं. दुपारपर्यंत अकरा. ती एकेकाच्या पुढे बसते. ते म्हणतं, ती म्हणते. परत येतंय सगळं. येतंय!

माझं पण म्हणतात ती. मी ऐकते. मला ते लागत नाही. कळत नाही. तिला कळतं, मला नाही. ती लहान आहे, शिकते. माझं शिकायचं वय —

बारावं हलत नाही. काल टोच मारली होती, आज नाही. गार होतंय.

त्यात तिचं काय आहे, माहीत नाही. काहीतरी आहे. तिचं आहे.

सगळं सांगून झालं. माझ्याकडे एकच उरलंय. ती मला हाक मारते ते. मारायची ते.

काचेला तोंड लावते आता.

रवि

फुटलं. बारा.

ती हसते. बोलते, खूप बोलते, पळते, दाराशी जाते. दारात माणूस, हातात पिशवी. तो रडतो. ती त्याला काही सांगते, बोट माझ्याकडे.

परत आली. माझा हात ओढते. माझ्याकडे बघून म्हणते, एकच, छोटं. परत म्हणते. मोठ्याने. वाट बघते.

चांगला आवाज आहे. कोणाला म्हणते, मागे बघितलं, मागे कोणी —

मलाच. ती मला —