कुरकुरणाऱ्या चाकांची आखाजी

कोरीट,
३ एप्रिल २०२५

चि. सौ. छबूस भिलाआप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला थांबता येत नाही, म्हणून पत्र. अक्षय्य तृतीया यंदा तीस तारखेला आहे. आखाजीच्या आदल्या दिवशी मुराळी होऊन तुला माहेरी न्यायला येतो. बाबांची जुनीपुराणी मोटार दरवर्षीचीच, पण यंदा तिची लाकडी आऱ्यांची चाकं काढून तारेची बसवतो आहे. तुझ्या भाच्याने, भूपेशने, ती सुरतेहून शोधून आणली.

गेल्या वर्षी उन्हाने आरे सुकून ढिले झाले होते. शहाद्यापासून तू कपाळाला हात लावून बसलीस आणि या कुरकुरीने डोकं उठलं म्हणून निम्म्या गावाला सांगितलंस. म्हटलं, बहिणीचं डोकं शांत राहावं. नवी चाकं इतकी देखणी आहेत की तुझ्या वहिनीने, रुक्मिणीने, ती पदराने पुसली. दाजींना नमस्कार. माया आहेच, ती वाढव.

तुझा भाऊ,
भिला

शहादा,
९ एप्रिल

ती. आप्पास छबूचा शि. सा. न. वि. वि.

चाकं बदलायला तुला सांगितलं कोणी? मी तक्रार केली, एवढंच. तक्रार तर मी लग्नापासून यांच्याबद्दलही करते आहे, म्हणून यांना बदललं का?

पहिल्या आखाजीला मी दारात रडवेली होऊन उभी होते. गल्लीच्या कोपऱ्यावर ती चाकं कुरकुरली आणि सासूबाई आतून म्हणाल्या, तुन्हा भाऊ उना वाटस, आणि त्यांनी चहाला आधण ठेवलं. तेव्हापासून माझं माहेर आधी कानाला येतं, मग डोळ्यांना दिसतं. आता तू गुपचूप येशील आणि मला वाटेल, दूधवाला आला.

लाकडी चाकांवर ये. नाहीतर मी यंदा येणार नाही. इथेच कडुनिंबाला झोका बांधीन आणि तुझ्या नावाने गाणी म्हणेन. माझ्या वाट्याच्या सांजोऱ्या मात्र वहिनीला पाठवायला सांग.

रागावलेली, तरी तुझीच,
छबू

कोरीट,
१८ एप्रिल

चि. सौ. छबूस अनेक आशीर्वाद.

हट्टात तू थेट बाबांवर गेलीस. नवी चाकं बसवून झाली. जुनी खळ्यात आहेत. एकावर रुक्मिणीने कुरडया वाळत घातल्या आहेत आणि एकाखाली कोंबडी अंड्यांवर बसली आहे. तिला मी कोणत्या तोंडाने उठवू?

भूपेशने चाकांच्या तुंब्यांवर, त्या मधल्या गाभ्यांवर, उजवं-डावं असं खडूने लिहून ठेवलं होतं. तो नोकरीवर परतल्यावर मी तुंब्यांसकट चाकांची अदलाबदल केली. बैलगाडीची चाकं आपण दर उन्हाळ्यात अशीच फिरवतो, म्हणजे झीज सारखी होते. शिकलेल्या पोराला हे कुठून माहीत असणार!

तू आली नाहीस तर झोका पहिल्यांदाच रिकामा राहील, आणि ते मला बघवणार नाही. मी येतोच. बसायचं की नाही ते दारात ठरव. राग आणि लोभ दोन्ही असू दे.

तुझा,
भिला

शहादा,
६ मे

ती. आप्पास शि. सा. न. वि. वि.

माहेरपण करून सुखरूप पोचले. तू गावभर पंक्चर झालं म्हणून सांगतोस, पण भूपेशने मला सगळं सांगितलं आहे. तारेच्या चाकाच्या मधल्या मोठ्या नटाचे आटे एका बाजूला सुलटे आणि दुसऱ्या बाजूला उलटे असतात, म्हणजे मोटार चालताना नट घट्ट होत जातो. तू बाजू बदलल्यास, म्हणून तो सैल होत गेला. प्रकाशा गावच्या पुलाअलीकडे पुढचं चाक मोटारीला मागे टाकून पपईच्या बागेत शिरलं आणि तू टोपी सावरत त्याच्यामागे पळालास. नशीब, मोटारही तू बैलगाडीसारखीच हाकतोस.

मी मात्र नाही म्हणायचं ठरवून बसले होते. दार उघडलं तर तू समोर, एसटीतून उतरलेला, टोपीला पपईचा चीक आणि खांद्यावर ते चाक. हसून हसून माझा रुसवा कुठे गेला कळलंच नाही, मी पिशवी उचलली. परतताना एसटीत आपल्या मध्ये चाक. चाकाकडे बोट दाखवून हे कोण, असं कंडक्टर ओरडून विचारतो तर तू म्हणालास, हाऊ मुराळी शे. अख्खी गाडी हसली.

पण आप्पा, दार वाजेपर्यंत तू आल्याचं मला कळलं नाही. त्याचं वाईट वाटलं, ते अजून वाटतं. बाकी ठीक. जीव लावतोस तसाच लाव.

तुझी,
छबू

कोरीट,
२० मे

चि. सौ. छबूस अनेक आशीर्वाद.

कोंबडी पिल्लं घेऊन उठली आणि चौथं चाक मिळालं. लाकडी चाकं पुन्हा चढवली आहेत. पण आरे घट्ट व्हावेत म्हणून मी ती आधी शेततळ्यात भिजत घातली होती. लाकूड असं फुगलं की आवाजच बंद झाला. आता मोटार रोज दुपारी उन्हात उभी करतो. सगळं गाव मोटारी सावलीत लावतं आणि मला हसतं.

एक सांगायचं राहिलं. ती कुरकुर मला गेली काही वर्षं ऐकूच येत नाही. म्हणून तर ती चाकं काढताना मला काही वाटलं नाही. आता संध्याकाळी रुक्मिणीला शेजारी बसवून फेरी मारतो. आवाज आला की तिने माझ्या खांद्याला हात लावायचा, असं ठरलं आहे.

काल पाराजवळ तिने हात लावला.

पुढच्या आखाजीला कोपऱ्यावर ऐकू आलं की चहाला आधण ठेव.

तुझा भाऊ,
भिला