परमनंट मावशी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि एक गोष्ट मी तुझ्याशी अजून बोललेलो नाही. बाकी तुझ्याशी मी पुष्कळ बोलतो. दौंडच्या घरी सकाळी चहा टाकताना बोलतो, वर्कशॉपमध्ये एखादा गंजलेला बोल्ट हट्टाला पेटला की बोलतो. तुझी सून ऐकते आणि लेकीला म्हणते, बघ, तुझ्या बाबांचं सुरू झालं. पण ही गोष्ट जवळ आली की मी विषय बदलतो, मेलेल्या माणसाशी बोलतानासुद्धा. गेल्या रविवारी चर्चमध्ये जे झालं त्यानंतर मात्र घास गोड लागेना, म्हणून लिहायला बसलोय. रविवारचं सांगायला मला थोडा धीर गोळा करावा लागेल. आधी शिरूरचं सांगतो.

एसटी स्टँडच्या मागची आपली पत्र्याची खोली. बाबा गेल्यावर तू बाळंतपणाच्या दवाखान्यात आया म्हणून लागलीस आणि तिथंच तुझे गुडघे झिजले. मला तुझी एक सवय तेव्हा फार टोचायची, ती म्हणजे तुझे आभार. नळाला पाणी आलं, देवा तुझे उपकार. स्टो पहिल्या पिनेला पेटला, देवा तुझे उपकार. एकदा दूध उतू गेलं तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "आता गं? आता कशाचे उपकार?" तू फडकं फिरवत म्हणालीस, "निम्मं ऱ्हायलं की." आणि तुझी दुसरी तऱ्हा त्याहून वरताण. वस्तू हातात पडायच्या आधीच तू तिचे आभार मानून मोकळी व्हायचीस. मी म्हणायचो, अगं मिळू तरी दे. तर म्हणायचीस, "देणारा त्यो हाय. आभार आधी दिलं तर काय बिघाडलं?" माझं डोकं फिरायचं. पण दवाखान्यात याच गोष्टीसाठी तुला मागणी होती. एखादी बाई अडली की तिच्या घरचे, मग ते कुठल्या का देवाचे असेनात, तुला दाराबाहेर गाठायचे, "मावशी, जरा तुमच्या येशूला सांगा." शेजारचे आबा, मूळचे कवठे येमाईकडचे मेंढपाळ, ते तर शेळीच्या कासेला गाठ आली तरी तुझ्याकडे यायचे. "बाईंनी सांगितलं म्हंजी वर पोचलंच," असं गल्लीत सांगत फिरायचे. चर्चच्या मंडळीत कुणाच्या घरी प्रार्थना असली की पाळकसाहेबांनंतर पहिलं नाव तुझंच. तुझ्याजवळ सोनं नव्हतं, जमीन नव्हती. शब्दाला मान होता, तेवढाच.

तो मान मी घालवला. एका शब्दानं.

एमआयडीसी नुकती भरायला लागली होती. आयटीआय करून मी तिथल्या एका कारखान्यात टेंपररी लागलो. कायम करावं लागू नये म्हणून सात महिन्यांनी ब्रेक द्यायचे, पण आमच्यातल्या पाच जणांना पुढच्या महिन्यात कायम करणार असं आत ठरलं होतं आणि त्यात माझं नाव होतं. तू रोज विचारायचीस, "झालं का रे?" मी म्हणायचो, होईल. मग एके दिवशी क्रिकेटची मॅच होती. मी दांडी मारली आणि दोस्ताला माझं कार्ड पंच करायला सांगितलं. सुपरवायझरनं पंच झालेलं कार्ड बघितलं, मशिनीवर माणूस बघितला नाही. दुसऱ्या दिवशी गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नको. कारखान्याची काही चूक नव्हती. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

घरी आलो तेव्हा तू दारात सूप घेऊन शेंगा फोडत होतीस. मान वर करून विचारलंस, "झालं का रे?" मी म्हणालो, "झालं." खरं सांगतो, आई, मी काही ठरवून आलो नव्हतो. मी दमलो होतो, तुझा चेहरा तसा वर झाला होता, आणि 'नाही' म्हटलं की 'का' यायचं आणि 'का' नंतर मॅच यायची. तू ते सूप बाजूला ठेवलंस. उंबऱ्यातच गुडघे टेकलेस, जे टेकू नको म्हणून तुला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि डोळे मिटून बोलायला लागलीस. मी तुझ्या मागे उभा. तेव्हाच बोललो असतो तर दोन शिव्या खाऊन सुटलो असतो. मी हात धुवायला गेलो.

पुढचे दहा दिवस मी रोज डबा घेऊन निघत होतो. तू डब्यावर हात ठेवून प्रार्थना करतेस, मी चपला घालून दारात उभा आहे, हे अजून डोळ्यांपुढे येतं. पहिल्या आठवड्यात तू डब्यात शिरासुद्धा दिलास. कधी घोडनदीच्या काठाला बसायचो, कधी वढूच्या गाडीत बसून तिथं संभाजी महाराजांच्या समाधीला आलेल्या माणसांत फिरत राहायचो, तिथं मला कुणी ओळखणारं नव्हतं. दुपारी डबा उघडला की खायच्या आधी डोळे मिटायची तूच लावलेली सवय. मी मिटत नव्हतो. शिरा मात्र खात होतो.

आणि तू उपकारस्तुती ठेवलीस. रविवारची उपासना झाल्यावर मंडळीला घरी बोलवायचं, गाणी, प्रार्थना, आणि देवानं जे केलं त्याची साक्ष चारचौघांत द्यायची. मला तू त्याच दिवशी सकाळी सांगितलंस, कारण मला गंमत वाटावी अशी तुझी कल्पना होती. आबांकडून सतरंजी आणलीस, तीन दिवस कामावरून आल्यावर त्यांच्याच घरी लाडू वळलेस. खोलीत माणसं मावेनात म्हणून अर्धी अंगणात. आबासुद्धा टोपी सारखी करून कोपऱ्यात बसलेले. गाणं झालं, पाळकसाहेब म्हणाले, "मावशी, बोला," आणि तू उभी राहिलीस. "म्या अडाणी बाई," म्हणालीस, "नवरा गेला तवा लोक म्हणली आता हिचं काय खरं न्हाई. पर देवानं माझ्या लेकराला कायम केलं. त्येनं सोडलं न्हाई मला."

आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करणारे, मंडळीतले एक मामा उशिरा आले होते. दारात चपला काढता काढता त्यांनी ते ऐकलं. माणूस सरळ, मनात काही नाही. म्हणाले, "मावशी, काहीतरी गैरसमज झालाय वो. त्याला काढलंय की. धा-बारा दिस झालं."

सगळी माझ्याकडं बघायला लागली. आणि मी काय म्हणालो ते मी आजपर्यंत कागदावर लिहिलेलं नाही. मी म्हणालो, "मी कुठं म्हणलो परमनंट झालो? मी म्हणलो अर्ज दिलाय. हिला काय कळतंय का? हिनंच काहीतरी घेतलं आणि बोलावलं सगळ्यांना." हिला. हिनं. आईला मी लोकांपुढे असं म्हणालो.

तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही. मग मंडळीकडे वळलीस आणि म्हणालीस, "व्हय, माझंच चुकलं. मला घाईच लई." पाळकसाहेबांना काय करावं कळेना, पुस्तक उघडं तसंच हातात. तूच म्हणालीस, "साहेब, म्हणा की गाणं. पोरगं धडधाकट हाय, घरात हाय. आभार मानायला एवढं बास न्हाई का? आन् लाडू खाल्ल्याबिगर कुणी जायचं न्हाई." माणसांनी गाणं म्हटलं, पण कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी लाडूचं ताट फिरवलं.

संध्याकाळी कपबशा विसळताना तू एवढंच बोललीस. "मला खोटं पाडलंस त्याचं सोड. पर देवाला तुझं समदं मी सांगत आले, ताप आला तरी, पेपर अवघड गेला तरी. हे मी न्हाई सांगायची. हे तुझं तू सांग. आन् त्या माणसांनाबी तूच सांग." मी हो म्हणालो. तू वाट बघितलीस. पुढचा रविवार, त्याच्या पुढचा रविवार, साक्षीची वेळ आली की तू माझ्याकडे न बघता ताठ बसायचीस, आणि मी गायनाच्या पुस्तकात पान शोधत राहायचो.

गोष्ट दवाखान्यातही पोचली आणि तिथल्या बायांनी तुझं नाव पाडलं, परमनंट मावशी. वाईट मनानं नव्हे, थट्टेनं. पण प्रार्थनेला बोलावणं कमी झालं. बोलावलं तरी कुणीतरी हसून म्हणायचं, "मावशी, आधी खात्री करून घ्या हां." तू त्यांच्याबरोबर हसायचीस. फक्त आबांनी काही बदललं नाही. दुसऱ्याच आठवड्यात सुनेचे दिवस भरले म्हणून दारात हजर, "बाई, सांगा वर." तू आत आलीस आणि पदरानं डोळे पुसलेस. मला वाटलं, चला, मिटलं.

मिटलं नव्हतं, हे मला पुढे कळलं. चार वर्षांनी दौंडच्या वर्कशॉपमध्ये मी खरोखरचा कायम झालो. पेढे घेऊन शिरूरला आलो, तुला म्हणालो, आई, झालं. तू उठली नाहीस. गुडघे टेकले नाहीस. म्हणालीस, "कागद हाय का?" मी ऑर्डर काढून दिली. चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत तू ती सगळी वाचलीस, शिक्क्यापर्यंत. जी बाई देवाला हातात काही पडायच्या आधी धन्यवाद द्यायची, तिनं पोटच्या पोराचा कागद तपासला. मग घडी घालून परत दिलीस आणि इतक्या हळू आभार मानलेस की मला शब्द ऐकू आले नाहीत. मंडळीला बोलवायचं का, असं मी विचारलं. म्हणालीस, "नको. आपुन दोघंच बास."

नंतर तू माझ्याकडे राहायला आलीस, नातीला मांडीवर खेळवलंस, आणि दौंडलाच गेलीस. शेवटच्या दिवसांत शिरूरहून माणसं भेटायला यायची. मी उशाशी बसलेलो असायचो. तू शुद्धीवर होतीस, ती माणसं तीच होती, बोलायला दोन मिनिटं लागली असती. मी त्यांना चहा विचारायचो. मातीच्या वेळी एक आया हुंदका देऊन म्हणाली, आमची परमनंट मावशी गेली. मी तिला पाणी आणून दिलं.

देवाजवळ मी कबूल केलंय, आई. पुष्कळदा. आणि त्यानं क्षमा केली असेल, कारण तो तसा आहे, हे तूच शिकवलंस. जेवायच्या आधी आता डोळे मिटतो, मिळालं त्याचे आभार मानतो. पण तू सांगितलेलं अर्धंच मी केलं. देवाला सांगणं सोपं निघालं, तो कुणाला सांगत नाही.

आता रविवारचं. तुझी नात कॉलेजात आहे. लहान असताना तिनं परमनंट मावशी म्हणजे काय विचारलं होतं आणि मी तिला हसत हसत तीच गोष्ट सांगितली होती, की आजीचा गैरसमज झाला, आजीला घाईच फार. परवा पाळकसाहेबांनी साक्षीसाठी विचारलं तर ही उभी राहिली. म्हणाली, "माझ्या आजीची एकदा चूक झाली होती. सगळे हसले. पण तिनं चूक कबूल केली आणि तरी आभार मानले. मला तिच्यासारखा विश्वास हवाय." कळवळून बोलली पोरगी. तुझ्यासारखीच ताठ उभी राहून.

हे पत्र तिला द्यायला हवं. ती शेजारच्याच खोलीत वाचत बसली आहे, मधे एक पडदा आहे. तिला देणार नाही म्हणून तुला लिहितोय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ती बोलून खाली बसली तेव्हा सगळी मंडळी आमेन म्हणाली. त्यात सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं मी म्हणालो.